चालू खर्चाचं काय?

वर्गात शिकवायचा म्हणून ब्रिटनमधला १८५०चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आज पुन्हा काढला. नगरपालिकांना ग्रंथालयासाठी मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर पौंडामागे अर्धा पेनी कर बसवायची मुभा मिळाली. त्यातून इमारत उभारा, पगार द्या, पण पुस्तकं घ्यायची नाहीत! ती देणगीतून येतील असं गृहीत धरलेलं. १८५५ साली कर एक पेनी झाला आणि पुस्तकखरेदीची वाट मोकळी झाली; मात्र पेनीची मर्यादा थेट १९१९ साली उठली.

सांस्कृतिक धोरणाच्या अभ्यासात मी इतकी वर्षं ग्रंथालयांना धरून राहिले, ती अशा तरतुदींमुळेच. इमारतीचं उद्‌घाटन करायला सगळे पुढे असतात. पुढच्या वर्षीच्या विजेच्या बिलाला कुणी नसतं. अमेरिकी पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगींनी जगभरात अडीच हजारांवर ग्रंथालयं बांधून दिली, पण मला त्यांची अट जास्त मोलाची वाटते. जागा गावाने द्यायची आणि अमेरिकेत तर देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी चालवण्यासाठी काढायची. ही अट जड वाटून काही गावांनी देणगीच नाकारली.

मोजणीवर मात्र माझा खरा राग आहे. वरपर्यंत पोचतो तो देवघेवीचा, म्हणजे घरी नेलेल्या पुस्तकांचा आकडा. शाखांमध्ये दिवस दिवस बसून मी पाहिलंय: खिडकीशी कुणी तासन्‌तास वर्तमानपत्र वाचतंय, कुणी ग्रंथपालाकडून सरकारी अर्ज भरून घेतंय, परीक्षेची मुलं वह्या पसरून बसलीत. यांतलं एकही माणूस देवघेवीच्या नोंदवहीत नाही. मग आकडा घसरला म्हणून आधी संध्याकाळची वेळ कापतात. नोकरी करणारे यायचे थांबतात, आकडा आणखी घसरतो आणि तोच आकडा दाखवून शाखेला कुलूप लावायचा प्रस्ताव येतो. हे किती वेळा पाहायचं!

युनेस्को आणि ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना इफ्ला यांच्या १९९४च्या जाहीरनाम्यात स्वच्छ म्हटलंय की सार्वजनिक ग्रंथालय तत्त्वतः मोफत असावं, त्याच्यामागे स्वतंत्र कायदा असावा आणि पैसा सरकारांनी द्यावा. २०२२च्या आवृत्तीतही हे कायम आहे. जाहीरनामा कुणावर बंधनकारक नसतो, हे खरं. तरीही प्रत्येक अभिप्रायात मी तो जोडते, आणि त्याखाली दोन मागण्या लिहिते: वाचनकक्षात बसणाऱ्यांची तासागणिक नोंद ठेवा, आणि ती नोंद पाहिल्याशिवाय कुठल्याही शाखेची वेळ कापू नका.