घाट चढल्यावर एक मिनिट
साखरप्याहून आंबा घाट चढून वर आलं की लोक टपरीसमोर गाडी लावतात आणि लगेच चावी फिरवतात. मला ते बघवत नाही. माझी स्विफ्ट डिझेल आहे. हँडब्रेक ओढून मी ती मिनिटभर न्यूट्रलला चालू ठेवतो.

चढावर टर्बोचं, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्राचं, चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतं, आणि त्याला फिरवणारा धूर 600-700 अंशांपर्यंत तापलेला असतो. त्याचा शाफ्ट, म्हणजे दांडा, फिरतो ऑइलच्या पातळ थरावर. इंजिन बंद केलं की ऑइल पंपही थांबतो. मग बेअरिंगमध्ये राहिलेलं ऑइल तिथेच करपतं, कढईच्या बुडाला धरलेल्या तेलासारखं काळं, कडक. पुढे शाफ्ट सैल होऊन हलायला लागतो, सायलेन्सरमधून निळा धूर निघतो आणि टर्बोचं मोठं बिल हातात पडतं.

गावात भाजी आणायला गेलात तर यातलं काही करायला नको. हळू चालवताना टर्बो फारसा तापतच नाही. घाट संपल्यावर शेवटचे एक-दोन किलोमीटर सावकाश आलात तरी चालतं, मला तर तेच जास्त पटतं. नव्या पेट्रोल टर्बोंमध्ये बहुतेक ठिकाणी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) फिरतो, काहींत इंजिन बंद झाल्यावरही वेगळा पंप चालू राहतो. तिथे एवढी धास्ती नको. ऑइल मात्र वेळेवर बदला, आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच.