कल्हईचे पातेले

काल माईंकडे यानिस रित्सोस या ग्रीक कवीची कविता वाचली. अनुवाद माझाच, चार महिने घासलेला. ऑगस्टमधला चंद्र स्वयंपाकघरात कल्हई केलेल्या पातेल्यासारखा चकाकतो, या ओळीवर मी जरा थांबले, कारण त्या ओळीचा मला अभिमान होता, आणि तेवढ्यात माईंच्या नातीने अगदी सरळ मनाने विचारले, "मावशी, कल्हई म्हणजे काय?" पितळेच्या भांड्याला आतून दिलेला कथलाचा पातळ मुलामा, असे माईंनी तिला दोन वाक्यांत सांगितले, मी पुढे वाचत गेले, पण त्यानंतरच्या ओळी मी नुसत्या उच्चारल्या.

मूळ ग्रीकमध्ये 'गानोमेनो तेंझेरी' असे आहे, म्हणजे कल्हई केलेले पातेलेच. ग्रीसमध्येही कल्हईवाले गावोगाव फिरत, त्यांना 'कलाइत्झिस' म्हणत. हे कळले त्या दिवशी मला वाटले होते की या एका ओळीपुरते तरी मराठीला काहीही उसने आणावे लागणार नाही. नवसागराचा नाकात जाणारा धूर, भात्याचा श्वास, तापलेल्या पितळेवर कथील टेकवून कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात फिरवलेला तो पांढरा लखलखाट, हे सगळे त्या एका शब्दात आपोआप येईल, असे मी धरून चालले होते. आईकडचा कल्हईवाला दर दिवाळीआधी पिंपळाखाली बसायचा आणि आई... ते असो.

मला जास्त लागले ते दुसऱ्याच कारणाने. याच कवितेच्या सुरुवातीला रित्सोस म्हणतो की तो साध्या वस्तूंच्या मागे लपतो, आपण त्याला शोधावे म्हणून. तो सापडला नाही तरी वस्तू सापडतील, त्याच्या हाताने शिवलेले आपण शिवू आणि दोघांच्या हातांचे ठसे एकमेकांत मिसळतील. ही कविता १९४६-४७ च्या सुमाराची, ग्रीसमधल्या यादवी युद्धाच्या दिवसांतली. १९४८ मध्ये त्याला अटक झाली, आधी लेम्नोस, मग माक्रोनिसोस, मग आय स्त्रातिस अशा बेटांवर कैदेत ठेवले, आणि सुटका १९५२ मध्ये. माक्रोनिसोसवर कैद्यांना विनाकारण दगड एका जागेवरून दुसऱ्या जागी वाहायला लावत. तिथे लिहिलेल्या कविता त्याने बाटल्यांत घालून जमिनीत पुरल्या. पुढे दगडांवर, झाडांच्या मुळांवर चेहरे काढले. ज्या दगडांनी खांदे सोलले त्याच दगडांना तो हातात घेऊन रेषेने कुरवाळतो, हे मला आजही नीट समजत नाही, पण या माणसाचा वस्तूंवरचा विश्वास शोभेचा नव्हता एवढे त्यावरून कळते.

मग वस्तूच उरली नाही तर तो कुठे लपणार? रात्रभर हाच प्रश्न. पातेले गेले, त्याला हात लावणारे गेले, आणि मी चार महिने एका रिकाम्या जागेवर शब्द ठेवत बसले होते, असे वाटून पहाटे रडूही आले. माझ्या वयाच्या दहा-बारा माणसांपुरताच का मी अनुवाद केला?

सकाळी माळ्यावरून पितळी पातेले काढले. बाहेरून काळवंडलेले. आत कडेला कल्हई अजून आहे, तळाशी मात्र डावाने खरवडून खरवडून पिवळे पितळ उघडे पडले आहे. नख फिरवले की दोन्हींमधली कड हलकेच लागते. किती वेळ तसेच नख फिरवत बसले.

त्या कवितेच्या शेवटी तो म्हणतो, प्रत्येक शब्द म्हणजे एका भेटीसाठी निघणे असते, पुष्कळदा ती भेट रद्द होते, आणि शब्द खरा असतो तो भेटीचा हट्ट सोडत नाही तेव्हा. ही ओळ मीच मराठीत आणली आणि काल मीच विसरले. त्या मुलीने विचारले, याचा अर्थ ती त्या शब्दापाशी थांबली होती. बाकीचे आम्ही सगळे ओळखीचा शब्द म्हणून पुढे निघून गेलो होतो. तळटीप देणार नाही. शब्द बदलणार नाही.

रविवारी पातेले माईंकडे नेईन. बाहेरून चिंच-मिठाने घासून ठेवले आहे. आतून मुद्दाम हात लावलेला नाही, कल्हई कुठे संपते ते तिला तिच्या बोटाने बघू दे.