साहेबाच्या वाड्यात माझं काय
"इंग्रजांच्या त्या मोठाल्या घरांच्या कादंबऱ्या तू अजून कशा वाचतेस गं? आपल्याच पैशांवर उभी राहिलेली घरं ती!" ठाण्याची आत्या फोनवर विचारते, इथल्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत कुणी ना कुणी विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहिते.

पैशांचं मला सांगू नका. मी बर्कशायरमध्ये राहते. इथलं बॅसिल्डन पार्क १७७६ साली फ्रान्सिस साइक्सने बांधायला घेतलं, बंगालात कंपनीच्या नोकरीत गब्बर होऊन परतल्यावर. जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफिल्ड पार्क' कादंबरीत (१८१४) घराचा मालक सर थॉमस अँटिग्वातली मालमत्ता बघून परततो, त्या घरात वाढलेली त्याची गरीब भाची फॅनी त्याला गुलामांच्या व्यापाराबद्दल विचारते आणि घरातलं कुणी चकार शब्द काढत नाही. एम.ए.ला असताना या एका प्रसंगावर मी पानंच्या पानं भरली होती. एम.ए.तल्या त्या मला आज विचारावंसं वाटतं, एवढं कळत होतं तर ते घर सोडून जाताना फॅनीबरोबर तुझ्या पोटात का कालवायचं?

आता खरी गोष्ट. आमच्या वाचनगटात काझुओ इशिगुरोचं 'द रिमेन्स ऑफ द डे' होतं. त्यातला बटलर स्टीव्हन्स म्हणतो की खरे बटलर फक्त इंग्लंडात, बाकी देशांत नुसते नोकर. इंग्लंडचा निसर्गही थोर, कारण तो आफ्रिका-अमेरिकेसारखा दिखाऊ नाही. मी हे वाचून दाखवत होते आणि हसत होते, कारण हाच गृहस्थ पुढे साहेबाच्या हुकमावरून दोन ज्यू मोलकरणींना निमूट काढून टाकतो. शेजारच्या वयस्कर बाईंनी बिस्किटांची बशी माझ्यापुढे केली आणि अगदी मायेने म्हणाल्या, "किती बारकाईने वाचतेस तू! पण हे वाचताना आमच्या घशात जो आवंढा येतो ना, त्यासाठी इथेच जन्मावं लागतं." दोघातिघांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, लेखक नागासाकीत जन्मला, पाच वर्षांचा असताना इथे आला. "पण वाढला इथेच ना," त्या म्हणाल्या, आणि चहा ओतायला उठल्या.

गाडीपर्यंत बरोबर चालताना त्यांनीच सांगितलं की त्यांची आजी अशाच एका घरात कामाला होती. घरातले उठायच्या आत सगळ्या शेगड्यांची राख काढून त्या काळ्या पॉलिशने चमकवायच्या. नाताळची भेट म्हणून मालकीणबाई कापड द्यायची, तेही युनिफॉर्मचं. शिलाई आजीच्या पगारातून.

मी काही बोलले नाही. राग आला होता, पण कशाचा, ते घरी पोचेपर्यंत बदलत गेलं. आधी वाटलं, ही मला परकी ठरवते. मग वाटलं, आजी राख उपसत होती आणि ही दिवाणखान्याच्या आठवणीने हळवी होते! आणि शेवटी, खरं सांगते, हेवा वाटला. त्या घरात तिची निदान शेगडी तरी होती.

ईव्हलिन वॉ बरा, तो कबूल तरी करतो. 'ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड' ही अशाच एका घराची कादंबरी त्याने दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत लिहिली. १९५९च्या प्रस्तावनेत म्हणतो, पुस्तकातली खाण्यापिण्याची आणि भरजरी भाषेची हाव त्या उपासमारीतून आली. शिवाय जी घरं बुडणार म्हणून तो रडला, ती शाबूत राहिली, लोक ती बघायला रांगा लावतात. म्हणजे रडला ती तिरडी रिकामीच. मग रिकाम्या तिरडीपुढे रडायला जन्मदाखला कशाला लागतो?

आत्या म्हणते, ही वकिली झाली. असेल. पण आत्या, तू पेशव्यांच्या मालिका बघताना डोळे पुसतेस, तेव्हा शनिवारवाड्यात आपल्या घरचं कोण होतं? फार तर एखादा पाणक्या. यावर ती म्हणते, ते आपलं आहे. बरोबर हेच त्या बाईही म्हणाल्या होत्या, आणि दोघींनाही माझ्याकडे उत्तर नाही.

पुढचं पुस्तक निवडायची पाळी माझी होती. मी 'हॉवर्ड्स एंड' (१९१०) दिलं. त्यात घराची मालकीण मरताना पेन्सिलीने चिठ्ठी लिहून घर मार्गारेटला ठेवते, जिचा बाप जर्मन. घरचे लोक चिठ्ठी जाळून टाकतात. त्यांचा पैसा पश्चिम आफ्रिकेतल्या रबराचा. बाईंचा कालच फोन आला होता. अर्धं वाचून झालंय म्हणाल्या, आणि मार्गारेट त्यांना मुळीच आवडलेली नाही.