आंबा एक, साहेब एक, नियम तीन

मी एका परदेशी कंपनीची कोकणातली खरेदी बघतो. देवगडच्या शेडमध्ये पेटी उघडली की पेंढ्याचा न् हापूसचा मिळून वास येतो. तिकडच्या साहेबाला मात्र सगळ्या देशांसाठी ‘एकच प्रक्रिया’ हवी. कसं जमायचं? अमेरिकेने २००७ साली दार उघडलं, तेही विकिरणाच्या, म्हणजे किरणांचा मारा करून कीड निकामी करण्याच्या अटीवर. जपानला गरम वाफेची प्रक्रिया लागते. युरोपने तर फळमाशीपायी २०१४च्या मेपासून आंबा बंदच केला होता. २०१५त पुन्हा घेतला.

परवा व्हिडिओ कॉलवर देठाशी चिकाचा डाग पडलेला आंबा दाखवला.

‘हा खराब ना?’ साहेब.

मागून बागायतदार काका पुटपुटले, ‘त्येका आधी एक फोड भरव रे!’

मी भाषांतर केलं : ‘काका म्हणतायत, नमुना पाठवतो.’