चळतीतला वरचा ठोकळा का निसटत होता, ते कळलं

चोर सापडला. ठोकळा नाही, फळी नाही, पुलीही नाही. तंगूस, म्हणजे गाडी ओढायला लावलेला नायलॉनचा दोरा!

मांडणी अशी: चाकांच्या गाडीवर एकावर एक दोन ठोकळे आणि त्वरण मोजायला फोन; गाडीला बांधलेला दोरा पुलीवरून खाली जातो, त्याच्या टोकाला वजन. अडलेलं गणित असं होतं. गाडी, फोन आणि दोन्ही ठोकळे मिळून १ किलो, पुलीवरून टांगलेलं वजन ३०० ग्रॅम, म्हणजे त्वरण २.२६ मी/से². फळी तिरकी केली की वरचा ठोकळा १५ अंशांना घसरतो, म्हणजे स्थितिक घर्षणांक (घसरण्याआधी घर्षण किती पकडून ठेवतं त्याचं माप) ०.२७. त्या हिशोबाने गाडीचं त्वरण २.६ (०.२७ × ९.८) होईपर्यंत त्याने हलायलाच नको. तरी गाडी सुटली रे सुटली की दोन्ही ठोकळ्यांवरून ओढलेली पेन्सिलची रेघ तुटायची. वरचा तुकडा जेमतेम दोन मिलिमीटर मागे, आणि पुढे मुकाट गाडीबरोबर. खालचा ढिम्म, त्याच्याखाली सँडपेपर आहे.

मेख त्या ‘मुकाट’मध्येच होती. त्वरण खरंच जास्त असतं तर ठोकळा मागे पडतच गेला असता. फोनमधल्या फायफॉक्स या मोजमापाच्या अ‍ॅपवरचा त्वरणाचा आलेख मोठा करून पाहिला, तर सुरुवातीलाच २.९ च्या आसपास टोक आणि मग सेकंदाला चारेक झोके. गाडी धरून ठेवलेली असते तेव्हा दोऱ्यात वजनाचा पूर्ण ताण असतो, २.९४ न्यूटन. सुटल्यावर वजनही खाली धावतं, म्हणून तो २.२६ वर यायला हवा. पण ताणलेलं तंगूस आखडायला वेळ घेतं, आणि तेवढ्यात गाडीला हिसका बसतो. गाडीऐवजी वजन तळहातावर धरून सोडलं तर आणखी वाईट: सैल दोरा ताणाची जवळपास दुप्पट उसळी देतो.

गोधडी शिवायचा जाड सुती दोरा लावला. रेघ शाबूत!

आता आकृतीत बलं दाखवणाऱ्या बाणांवर आकडे घालता येतात. वरचा १५० ग्रॅमचा, त्याला खालच्याकडून ०.३४ न्यूटन घर्षण, पुढे. खालच्या ३५० ग्रॅमच्या ठोकळ्यावर तेच ०.३४ मागे आणि गाडीच्या तळाकडून १.१३ पुढे. घर्षण नेहमी मागेच ओढतं म्हणणाऱ्यांनी हे एकदा काढून पाहावं.

पुढे तीन मजली चळत करणार होतो, पण लिहितालिहिता दुसरंच सुचलं. गाडी दोऱ्याविना २० अंशांच्या उतारावर सोडली तर? उभ्या गाडीत वरचा ठोकळा टिकणार नाही, त्याला पुढून पट्टीने अडवावं लागेल. पण चाकं हलकी असली तर सुटल्यावर सगळेच जवळपास सारख्या त्वरणाने खाली येतील आणि घर्षणाला फारसं कामच उरणार नाही. पट्टी आणि गाडी एकाच क्षणी कशी सोडायची, एवढंच अडलंय. गाडी मागून धरून ठेवणाऱ्या दोऱ्याला उदबत्ती लावून बघतो.