मार्लेची साखळी आणि दहाव्याचा कावळा

रविवार, रात्र

थंडी पडली एकदाची. इंदूरच्या सराफ्यात गराडूवाल्यांपुढे (तळलेला कंद, हिवाळ्यातला) ही गर्दी. घरी येऊन डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल' परत काढलं, 1843 चं पुस्तक आहे पण डिसेंबर आला की आठवतंच. सगळ्यांना त्यातला कंजूष स्क्रूज सुधारतो तेवढंच लक्षात राहतं, मला मात्र त्याचा मेलेला पार्टनर मार्लेच जास्त भिडतो. कमरेला साखळी, आणि तिला काय अडकवलंय तर गल्ल्याच्या पेट्या, किल्ल्या, कुलपं, हिशेबाच्या वह्या. जन्मभर जे जमवलं तेच ओढत फिरतोय बिचारा.

पण खरा सीन त्याच्या पुढचा. मार्ले खिडकीतून जातो आणि बाहेर बघावं तर हवेत भुतंच भुतं, त्यातलं एक म्हातारं, पायाला ही मोठी तिजोरी बांधलेली, खाली एका दाराशी तान्हं घेऊन बसलेल्या बाईकडे बघून ढसाढसा रडतंय, कारण तिला मदत करायचीय आणि आता करता येत नाही. नरकाच्या कढया वगैरे याच्यापुढे काहीच नाहीत.

आपल्याकडे उलटं. काकाच्या दहाव्याला उज्जैनला क्षिप्रेच्या घाटावर गेलो होतो, पिंड ठेवला, कावळा समोर भिंतीवर बसलेला पण शिवेना. मग सुरू झालं, आईला सांभाळू, घर विकणार नाही, एकेक कबूल करत गेले, तरी तो ढिम्म. शेवटी थोरला खाली मान घालून म्हणाला, धाकट्याशी बोलेन, आणि कावळा आला. (आता त्याला तेव्हाच भूक लागली असेल, असूही शकतं.) काका जिवंत असताना हेच वाक्य ऐकायला तरसला होता हो.

शेक्सपिअरच्या हॅम्लेटच्या बापाचं भूत मला कधीच पटलं नाही. सूड घे म्हणून मुलाला कामाला लावलं, मुलगा गेला, बायकोही गेली. मॅकबेथने मारवलेला बॅन्को त्या मानाने बरा, गुपचूप येऊन मॅकबेथच्या खुर्चीवर बसतो, एक अक्षर बोलत नाही, बाकी कुणाला दिसतही नाही आणि मॅकबेथची पार फे फे उडते.

आणि आपला वेताळ! तो तर उपदेशाच्या भानगडीतच पडत नाही, गोष्ट सांगतो नि प्रश्न टाकतो, माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं, बोललास तर मी चाललो झाडावर. राजाला नुसत्या चकरा. पण शेवटी सांगतो काय, तर ज्या योग्यासाठी तू मला नेतोयस तो तुझाच बळी देणारे, तो म्हणेल साष्टांग नमस्कार घाल, तेव्हा म्हण मला येत नाही, आधी तुम्ही करून दाखवा. इतकी कामाची टीप डिकन्सच्या एकाही भुताने दिलेली नाही.