निजलेल्याक कित्याक उठवतंस?

रात्री दार लावताना लेक पडवीत गेला आणि घोरणाऱ्या आजोबांना हलवून म्हणाला, "आजोबा, झोपा आता."

माझी आई आतून ओरडली, "निजलेल्याक उठवन नीज म्हणान कित्याक सांगतंस रे?"

मी ओटीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. देवगडात पाऊस, लाईट गेलेली, आणि दोन दिवस एकच बग.

टचस्क्रीनचा ड्रायव्हर, म्हणजे लिनक्समध्ये तिची चिप चालवणारा कोड. स्क्रीनला हात लावून लगेच बोर्ड सस्पेंड केला, म्हणजे अख्खा झोपवला, की सगळं गोड. चहा पिऊन येऊन केला की बोर्ड हँग! मी चहा सोडायच्या बेताला आलो होतो.

गोम अशी, की वापर नसला की रनटाइम पीएम (चालू सिस्टिममध्ये रिकाम्या चिपची वीज वाचवणारी लिनक्सची सोय) त्या चिपला आधीच झोपवतं, तिला चालवणारा क्लॉक सिग्नल बंद. मग पूर्ण सिस्टिम झोपायला निघाली की माझा सस्पेंड कॉलबॅक, म्हणजे झोपताना सिस्टिम बोलावते ते माझं फंक्शन, त्याच चिपच्या रजिस्टरमध्ये (सेटिंगच्या खणात) लिहायला जायचा. क्लॉकच नाही तर उत्तर कोण देणार? प्रोसेसर आणि चिप यांना जोडणारी बस तिथेच अडकायची.

आईचं ऐकून उपाय सुचला: लिनक्समधलं पीएम_रनटाइम_फोर्स_सस्पेंड हे तयार फंक्शन. ते आधी बघतं, की हा निजलाय का. निजला असेल तर गुपचूप परत फिरतं, जागा असेल तरच झोपवतं. ते वापरलं आणि माझ्या हाताने लिहिलेल्या चाळीस ओळी उडाल्या.

आईला सांगितलं, तुझ्यामुळे बग सुटला. ती म्हणाली, "पण गोळी रवली आसात तर उठवकच व्हया हां."

खरंच की. वेक-अपची सेटिंग, म्हणजे झोपलेल्या बोर्डाला या चिपने जागं करायचं की नाही ते, बदलायची असेल तर चिपलाही आधी उठवावंच लागतं. ते मी तपासलंय का?